ग्रीष्मातील मैफल आणि दूरचित्रवाणी

उज्जैन शहराच्या उत्तर अंगाला, क्षिप्रेच्या काठी, भैरवगढ नावाची वस्ती आहे. काळभैरवाच्या देवळामुळे यात्रेकरूंना आणि मेणाच्या व ठशांच्या छपाईमुळे कापडाच्या व्यापाऱ्यांना ती परिचित आहे. मराठी माणसालाही हा मुलूख परका नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. काळभैरवाच्या देवळाशी महादजी शिंद्यांच्या पगडीची कथा जोडलेली आहे. आणि १८१० मध्ये दौलतरावांनी आपले ठाणे ग्वाल्हेरजवळच्या लष्करात हलवीपर्यंत शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. परंतु या वस्तीचा उल्लेख प्रारंभीच करण्याचे कारण इतिहास नव्हे, तिचे नाव हे आहे. भैरव हा आपल्या संगीतातील एक आद्य राग. दामोदर पंडितांच्या ‘संगीतदर्पण’ या सतराव्या शतकातील ग्रंथात सहा रागांना सहा ऋतू वाटून दिले आहेत, आणि त्या वाटणीत भैरवाच्या वाट्याला ग्रीष्म आला आहे. हनुमन्मताप्रमाणे ग्रीष्माचा राग दीपक होय. यांपैकी कोणतेही मत स्वीकारले तरी एवढे खरे, की जुन्या शास्त्रकारांच्या हिशेबी उन्हाळा हा गाण्यावाचून काढण्याचा ऋतू नव्हता.

आजची स्थिती मात्र वेगळी आहे. उज्जैनचा कालिदास समारोह १९५८ पासून कार्तिकातल्या एकादशीच्या सुमारास भरतो. ग्वाल्हेरचा तानसेन समारोह डिसेंबरात असतो. पुण्यात भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला महोत्सवही डिसेंबरातलाच. थंडी सरली, होळी झाली, की मोठ्या मांडवांचे खांब उतरतात आणि पावसाळा मुरेपर्यंत पुन्हा उभे राहत नाहीत. शाळा-महाविद्यालयांना सुटी असते, मुलांना वेळ असतो, प्रवासाहून परतलेली माणसे घरी असतात. नेमक्या त्याच दोन-तीन महिन्यांत शास्त्रोक्त संगीताचा रसिक उपाशी राहतो. भैरवगढसारख्या, मोठ्या सभागृहापासून दूर असलेल्या वस्तीत तर या ऋतूत गाणे ऐकण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे प्रक्षेपण. म्हणूनच उन्हाळी संगीतसत्र आणि त्याचे दूरचित्रवाणीवरील दर्शन हा विषय वाटतो तितका परदेशी नाही.

तो परदेशी वाटतो याचे कारण अर्थात लंडनचे उदाहरण. १८९५ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट न्यूमन या व्यवस्थापकाने आणि हेन्री वुड या तरुण वाद्यवृंद-संचालकाने तेथील क्वीन्स हॉलमध्ये उन्हाळी मैफलींचा एक प्रयोग आरंभिला. खुर्च्या काढून टाकलेल्या जागेत उभे राहून ऐकणाऱ्यास तिकीट अवघ्या एका शिलिंगाचे. श्रीमंत मंडळी उन्हाळ्यात शहर सोडून जात. मागे राहिलेल्या सामान्य नागरिकाला स्वस्तात उत्तम संगीत ऐकवावे, आणि सोप्या सुरावटींकडून त्याला हळूहळू अवघड रचनांकडे न्यावे, असा तो बेत होता. या मैफलींना ‘प्रॉम्स’ हे नाव पडले. १९२७ मध्ये ब्रिटिश नभोवाणीने त्या आपल्याकडे घेतल्या. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बाँबफेकीत क्वीन्स हॉल बेचिराख झाला, तेव्हा मैफली रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गेल्या, आणि १९४७ मध्ये त्या प्रथम दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसल्या. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हे सत्र चालते. त्यातील मैफली नभोवाणीवरून ऐकवल्या जातात आणि निवडक मैफली पडद्यावर दाखवल्या जातात. सभागृहात मावणारे श्रोते काही हजार, घरी बसून ऐकणारे त्याच्या कित्येक पट, हे प्रमाण तेथे आता कोणाला नवलाचे वाटत नाही.

असे सत्र आपल्याकडे का नाही, याचे उत्तर पुष्कळजण रसिकतेच्या अभावात शोधतात. ते अन्यायाचे आहे. खरे उत्तर बरेचसे कातड्यात आणि तारेत आहे. लंडनचा जुलै म्हणजे आपल्याकडची माघातली दुपार. माळव्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत तबल्याचे कातडे आवळते आणि तबल्याचा स्वर चढतो. उलट तानपुऱ्याच्या आणि सतारीच्या धातूच्या तारा तापून सैल पडतात आणि त्यांचा स्वर उतरतो. म्हणजे गवयाच्या एका बाजूची साथ वर चालली आहे, दुसऱ्या बाजूची खाली चालली आहे, आणि मधल्या मध्ये त्याने षड्ज धरून बसायचे आहे. पावसाळ्यात याच्या अगदी उलटा प्रकार होतो. कातडे ओल धरते आणि तबला बोलेनासा होतो. वाद्ये स्थिर राहतात ती थंडीत. उघड्या मांडवात, हजारो माणसांसमोर, रात्ररात्र चालणाऱ्या मैफलींना थंडीचा काळ मानवला, हे त्यामुळे साहजिकच झाले. शिवाय वैशाखात लग्नसराई; तबलजीपासून ध्वनिवर्धकवाल्यापर्यंत कोणी मोकळा सापडत नाही, ही अडचण लहान म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

परंतु या सोयीची किंमत संगीताने मोजली आहे. आपल्या रागांना वेळ आहे. पंडित भातखंडे यांनी हा जुना संकेत विसाव्या शतकाच्या आरंभी नव्याने मांडून दाखवला: सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या संधीवर कोमल ऋषभ आणि शुद्ध गांधार असलेले संधिप्रकाश राग, त्यानंतर ऋषभ-धैवत शुद्ध असलेले राग, आणि त्यानंतर कोमल गांधार-निषादांचे राग, अशी ही चक्राकार योजना. या योजनेत ऐन मध्यान्हीची जागा सारंगाच्या कुळाची आहे. वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग, मध्यमाद सारंग, गौड सारंग, लंकादहन सारंग असा मोठा गोतावळा आहे. वृंदावनी सारंगात गांधार आणि धैवत हे दोन स्वर वर्ज्य. उरलेल्या स्वरांत मोठमोठी मोकळी अंतरे राहतात. भर दुपारी ज्याने माळव्यातला निर्मनुष्य रस्ता पाहिला आहे, त्याला ही मोकळीक कशाची, हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. त्यानंतर दिवस कलता कलता भीमपलासी, मग मुलतानी, आणि मुलतानीच्या हाताला धरून संध्याकाळ.

आता संध्याकाळी सहाला सुरू होऊन रात्री दहाला संपणाऱ्या मैफलीत या रागांना जागा कोठे? पूर्वी, तिकिटांच्या मैफलीपूर्वी, गाणे दरबारात आणि वाड्यांत होते. त्या वाड्यांत दुपारही होती आणि पहाटही होती. सार्वजनिक मैफल ही नोकरदार समाजाच्या सोयीने, म्हणजे कचेऱ्या सुटल्यावर, सुरू होऊ लागली. आणि सारंगाचे कुळ हळूहळू मंचावरून उतरले. पुढे दुसऱ्या टोकालाही कात्री लागली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई केली. पुढे राज्य सरकारांना वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा मिळाली. आजारी माणसाच्या आणि परीक्षेच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. परंतु रात्रभर चालणाऱ्या महोत्सवात दरबारी, मालकंस, अडाणा असे टप्पे ओलांडीत जो ललत पहाटेला उगवे, तो आता उघड्या मांडवात उगवू शकत नाही. सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी सत्रे दुपारी सुरू करावी लागली आणि त्यामुळे भीमपलासी-मुलतानीला थोडी जागा परत मिळाली, हेही नोंदवले पाहिजे. परंतु एकंदर हिशेब तोट्याचाच आहे. माळव्याची रात्र वाखाणली गेली आहे ती याच उन्हाळ्यामुळे: दिवस तापतो, पण पठाराच्या उंचीमुळे रात्र निवते. गाण्याला याहून चांगली वेळ कोणती? आणि नेमकी तीच वेळ मंचाला बंद आहे.

येथे नभोवाणीने जे काम केले, त्याची जाण ठेवणे न्यायाचे ठरेल. नभोवाणीच्या दिवसाला सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन सभा होत्या. एकाच कलावंताला एकाच दिवशी सकाळी आणि पुन्हा रात्री गाण्यास बोलावण्याची पद्धत होती. सकाळी तोडी गायिलेला गवई रात्री बागेश्री गाई. दुपारच्या सभेला सारंग लागे, कारण दुपारी दुसरे काही लावणे संकेताला सोडून झाले असते. श्रोत्यांचा मोठा भाग त्या वेळी झोपलेला किंवा कामात असेल, याची पर्वा कार्यक्रम आखणाऱ्यांनी केली नाही, हे फार बरे झाले. बंद आणि शीत ठेवलेल्या ध्वनिगृहात तबला चढत नव्हता आणि तानपुरा उतरत नव्हता. मे महिन्याची दुपार आणि जानेवारीची दुपार वाद्यांना सारखीच होती. म्हणजे ज्या दोन कारणांनी उन्हाळी मैफल अशक्य होते, ती दोन्ही ध्वनिगृहाने मुकाट्याने दूर केली होती.

या धोरणामागे एक मराठी माणूस होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. १९५२ मध्येच शास्त्रोक्त संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी रात्री दीड तास देशातील सर्व केंद्रे एकाच कलावंताला ऐकवीत. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली, आणि त्यांना निमंत्रित श्रोते समोर बसवून गाणे होऊ लागले. कलावंतांची पारख करण्याची पद्धत घातली गेली. त्या कामात भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचा वाटा मोठा होता, आणि त्यावरून मोठे वादळही झाले. चित्रपटगीतांना केसकरांनी कात्री लावली तेव्हा लोकांनी यंत्राची खुंटी फिरवून सिलोन लावले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. शेवटी १९५७ मध्ये ‘विविध भारती’ काढावी लागली. लोकांची अभिरुची हुकमाने घडत नाही, ही टीका बरोबर होती. परंतु केसकरांनी काय लादले याचीच चर्चा अधिक झाली. त्यांनी काय वाचवले याची कमी झाली. दुपारचा सारंग वाचला तो त्यांच्या काळात.

माळव्यापुरते बोलायचे तर १९५५ मध्ये इंदूरचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि उज्जैन, देवास, धार, रतलाम हा सारा टापू त्याच्या टप्प्यात आला. योग असा, की याच सुमारास भैरवगढपासून काही कोसांवर, देवासला, एक गवई आजारातून उठून पुन्हा गाऊ लागला होता. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजेच कुमार गंधर्व, १९४८ च्या जानेवारीत क्षयाने पोखरलेले फुप्फुस घेऊन कोरड्या हवेसाठी देवासला आले. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्म, मुंबईस प्रोफेसर देवधरांकडे शिक्षण, आणि घर देवासला. अंथरुणावर पडल्या पडल्या कानी आलेल्या माळवी स्त्रियांच्या गाण्यांतून त्यांना रागांचे बीज दिसले, हे त्यांच्या गाण्याच्या अभ्यासकांनी विस्ताराने लिहिले आहे. येथे प्रस्तुत आहे ती त्यांची ऋतूंविषयीची दृष्टी. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ असे ऋतुसंगीताचे संपूर्ण कार्यक्रम त्यांनी बांधले. लोकगीत आणि राग एकाच ऋतूच्या सूत्रात ओवून पूर्ण बैठक उभी करायची, ही कल्पना आपल्या मंचावर नवी होती. या तिघांत ग्रीष्म नाही, ही गोष्ट लक्षात येण्यासारखी आहे. मात्र मध्यान्हीच्या सूर्यावर त्यांनी ‘मधसुरजा’ हा राग रचला. तो ऐकणाऱ्याला माळव्याचे ऊन ओळखता येते. ग्रीष्माचे संगीत आपल्याकडे नाही असे नव्हे. त्याला स्वतःची बैठक मिळालेली नाही एवढेच.

ही बैठक दूरचित्रवाणी देऊ शकेल काय? दिल्लीत १९५९ च्या १५ सप्टेंबरला दूरचित्रवाणीचा आरंभ झाला, मुंबईत १९७२ च्या २ ऑक्टोबरला, आणि १९८२ नंतर लहान लहान प्रक्षेपण केंद्रांच्या साहाय्याने ती गावोगाव पोहोचली. शास्त्रोक्त संगीताला तिने जागा दिली. पुढे २००२ मध्ये ‘डीडी भारती’ ही कलांसाठीची वाहिनी निघाली, आणि २०१६ मध्ये आकाशवाणीने ‘रागम’ ही अहोरात्र अभिजात संगीताची श्राव्य वाहिनी काढली. त्याखेरीज हातातल्या फोनवर आता वाटेल त्या गवयाची वाटेल ती मैफल दिसते. साधनांची टंचाई नाही. अडचण आहे ती दाखवण्याच्या रीतीत आणि दाखवण्याच्या वेळेत.

रीतीचा प्रश्न आधी घेऊ. लंडनच्या मैफलीचे चित्रण करणाऱ्या निर्मात्यासमोर संपूर्ण रचना लिहिलेली असते. कोणत्या मात्रेला सनई जातीचे वाद्य बोलणार, कोणत्या ओळीला शिंगे वाजणार, हे त्याला आगाऊ ठाऊक असते. त्याच्या शेजारी ती संगीतलिपी वाचीत बसलेला साहाय्यक पुढल्या प्रवेशाची सूचना देतो, आणि वाद्य वाजण्याच्या निमिषभर आधी कॅमेरा त्या वादकावर जाऊन ठेपतो. आपल्याकडे लिहिलेले काहीच नाही. गवयालाही पुढली जागा आधी ठाऊक नसते. ती त्याला गाताना सुचते. मग कॅमेऱ्याने कोठे पाहावे? ज्या निर्मात्याला ताल कळत नाही, तो मिनिटाला दहा वेळा चित्र बदलतो: गवयाचे तोंड, तंबोऱ्याचा भोपळा, पुढच्या रांगेतील पाहुणे, मंचावरची फुले, पुन्हा तोंड. ऐकणाऱ्याचे लक्ष त्यामुळे दर वेळी तुटते. विलंबित एकतालाचे एक आवर्तन पुष्कळदा मिनिटभर चालते. त्या मिनिटात गवई स्वरांची एक इमारत रचून समेवर आणून ठेवीत असतो. ती पुरी होण्याआधी चित्र तोडणे म्हणजे वाक्याच्या मध्यात पान उलटणे होय.

उलट, जाणकाराच्या हाती हाच कॅमेरा मोठे काम करतो. मोठ्या मांडवात शेवटच्या रांगेत बसलेल्याला सतारियाचा डावा हात कधी दिसत नाही. एका पडद्यावर तार किती ओढली म्हणजे चार स्वरांची मींड निघते, हे पडद्यावर स्वच्छ दिसते. तबलजीच्या बोटांखाली ‘धिरधिर’ कसा पडतो, तिहाई जवळ आली की गवई आणि तबलजी एकमेकांकडे कसे पाहतात, समेला मान कशी हलते, या साऱ्या गोष्टी पूर्वी गुरूच्या घरी समोर बसणाऱ्यालाच दिसत. भैरवगढसारख्या ठिकाणच्या ज्या मुलाला गुरू दूर आहे, त्याला असे चित्रण अर्धा गुरू ठरू शकते. भीमसेन जोशींच्या हातवाऱ्यांची चेष्टा करणारेही असत. पण ज्याने ते जवळून पाहिले, त्याला कळले की हात स्वराच्या पाठोपाठ चालला आहे. हे श्रेय चित्राचे आहे, नभोवाणीला ते कधीच देता आले नसते.

आता वेळेचा प्रश्न. आणि येथे उज्जैनचे स्थान विशेष आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषाचे शून्य रेखावृत्त लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून गेलेले मानले जाई. देशाची मध्यान्ह उज्जैनच्या मध्यान्हीवरून मोजली जाई. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात येथे वेधशाळा बांधली ती याच परंपरेला धरून. सध्या आपली घड्याळे चालतात ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या प्रमाणवेळेवर, आणि उज्जैन त्याच्या बरेच पश्चिमेस आहे. परिणामी घड्याळात बारा वाजतात तेव्हा उज्जैनला खरी मध्यान्ह होण्यास सुमारे सत्तावीस मिनिटे अवकाश असतो, आणि कोलकात्यात मात्र ती होऊन तेवीस मिनिटे झालेली असतात. एकाच प्रक्षेपणातला सारंग एका शहरात माथ्यावरच्या सूर्याच्या आधी आणि दुसऱ्यात नंतर ऐकू येतो. मधले अंतर पन्नास मिनिटांचे. पहाटेचेही तसेच. जूनच्या आरंभी कोलकात्यात पाच वाजण्यापूर्वीच सूर्य वर येतो; उज्जैनला तो पावणेसहाच्या आसपास दिसतो. सकाळी पाच वाजता सगळ्या देशाला भैरव ऐकवला, तर तो भैरवगढला भैरवाची वाट पाहणाऱ्या अंधारात पोहोचेल आणि कोलकात्यात उन्हात. राग सूर्याचे घड्याळ पाळतात. वाहिनी प्रमाणवेळेचे पाळते.

अर्ध्या-पाऊण तासाने काही बिघडत नाही, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे; प्रहर तीन तासांचा असतो. परंतु प्रत्यक्षात चूक अर्ध्या तासाची होत नाही, बारा-बारा तासांची होते. डिसेंबरात रात्री चित्रित केलेला मालकंस मे महिन्यात सकाळी अकराला दाखवला जातो, कारण तेथे वेळ मोकळी होती. सकाळचा अहिर भैरव रात्रीच्या भोजनाच्या वेळी येतो. पडद्यावर गवई शाल पांघरून बसलेला, मांडवात लोक कानटोप्या घालून बसलेले, आणि पाहणारा पंख्याखाली घाम पुशीत असलेला. रागाच्या वेळेचा संकेत हा नुसता कल्पनेचा खेळ आहे असे मानणारेही विद्वान आहेत, आणि दक्षिणेकडील संगीतात तो एवढ्या कडकपणे पाळला जात नाही, हेही खरे. तरी ज्या परंपरेने तो शतकानुशतके पाळला, तिच्या श्रोत्याच्या कानावर त्या वेळेचे संस्कार झालेले आहेत. ज्या मुलाने सारंग फक्त रात्री नऊला ऐकला, त्याच्या मनात त्या रागाभोवती दुपार कधीच जमणार नाही. हा तोटा कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही, म्हणून तो भरून काढण्याची निकड कोणाला वाटत नाही.

श्रोत्यांवाचून गाणे निर्जीव होते, असा एक आक्षेप ध्वनिगृहातील मैफलीवर नेहमी घेतला जातो. तो पूर्ण खोटा नाही. दाद आली की गवयाला जागा सुचतात. परंतु २०२० च्या साथीच्या उन्हाळ्यात लंडनच्या त्याच अल्बर्ट हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्यांसमोर अखेरच्या दोन आठवड्यांचे सत्र पार पडले आणि जगाने त्याचे नवल केले. आपल्या कलावंतांना ते नवल वाटण्याचे कारण नव्हते. नभोवाणीच्या बंद खोलीत, काचेपलीकडच्या एका माणसाखेरीज कोणी समोर नसताना, गाण्याचा सराव त्यांच्या तीन पिढ्यांना होता. आणि संगीत संमेलनांनी मधला मार्गही दाखवून ठेवला आहे: शंभर-दीडशे जाणकार निमंत्रित समोर बसवावेत. बंदिस्त सभागृहाला रात्रीच्या ध्वनिवर्धकबंदीचा जाचही तितकासा नाही.

तेव्हा माळव्यातून असे उन्हाळी सत्र दाखवायचे झाल्यास त्याला अल्बर्ट हॉल लागत नाही. उज्जैनमध्ये गार ठेवता येईल असे एक मध्यम दालन, तीन कॅमेरे, आणि ताल जाणणारा एक निर्माता एवढे साहित्य पुरे. दिवसाच्या तीन बैठका: पहाटेची, मध्यान्हीची आणि मध्यरात्रीची. पहाटे भैरवाचे प्रकार, दुपारी सारंगाचे कुळ, रात्री दरबारी-मालकंस. एक काळजी तंत्रज्ञांनी घ्यावी लागेल. चित्रणाचे दिवे पेटले की थंड दालनातही मंचावर उष्मा वाढतो आणि बाहेरच्या वैशाखाने जे केले असते तेच आत घडू लागते. तबला चढतो, तारा उतरतात. म्हणून वाद्ये दिवे लावून अर्धा तास तशीच मंचावर ठेवावीत आणि त्यानंतर मिळवावीत. गाणे सुरू झाल्यावर तबलजीच्या हातोडीचे चित्र दाखवण्याचा मोह टाळावा.

तारखेचा शोध करण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये १९८२ पासून २१ जून हा दिवस संगीताचा उत्सव म्हणून पाळतात आणि आता तो जगभर पाळला जातो. उज्जैन कर्कवृत्तापासून अगदी थोड्या अंतरावर असल्याने त्या सुमारास मध्यान्हीला तेथे माणसाची सावली जवळजवळ पायाखाली येते. घड्याळात तेव्हा साडेबाराला एखादे मिनिट कमी असते. पाऊस लांबला असेल तर ऊनही पुरेसे कडक असते. त्या घटकेला दालनात वृंदावनी सारंगाचा पहिला षड्ज लागावा आणि त्याच घटकेला तो भैरवगढच्या घरांत ऐकू यावा. पुन्हा दाखवायचा झाल्यास दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दाखवावा, आणि चित्रण कोणत्या ऋतूत व कोणत्या प्रहरी झाले, ते पडद्याच्या कोपऱ्यात लिहावे.